करंजी ओव्हनमध्ये करायची तर तूप पारीत घाल

"काकू, मे महिन्यात सासऱ्यांची बायपास झाली, तेव्हापासून घरात तळण जवळपास बंद आहे. मागच्या दिवाळीत मी हौसेने करंज्या बेक करून बघितल्या होत्या. पीठ नेहमीचं, सारण नेहमीचं, फक्त कढईऐवजी ओव्हन. पांढऱ्याफटक झाल्या, कडक झाल्या, अर्ध्यांचं सारण ट्रेवर वाहून चिकटलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, पण शेजारी द्यायच्या ताटात चकली, चिवडा, लाडू सगळं ठेवलं आणि माझ्या करंज्या तेवढ्या ठेवल्या नाहीत. या वर्षी परत करायच्यात. नवरा म्हणतो सोड, विकत आण. मला चॉकलेटच्या आणि पफ पेस्ट्रीच्या पण करून बघायच्यात. करू का? आणि सासूबाईंना कसं पटवू?"
– एक वाचक, डोंबिवली

अगं कर, नक्की कर, आणि विकत अजिबात आणू नकोस. तुझं पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती म्हणजे "पीठ नेहमीचं, सारण नेहमीचं". तिथेच सगळं आहे बघ. तळायची करंजी ओव्हनमध्ये ठेवली तर ती बेक्ड करंजी होत नाही, ती न तळलेली करंजी होते. तुझ्या हाताला काही दोष नाही, कृतीच दुसरी लागते आणि ती तुला कोणी सांगितली नव्हती, एवढंच.

का ते सांगते, कारण ते कळलं की बाकी सगळं आपोआप सुचत जातं. कढईत करंजी सोडली की तेलाची उष्णता तिला भराभर आणि सगळीकडून लागते, पारीतलं पाणी बुडबुडे होऊन निघून जातं, थोडं तेल आत जातं, म्हणून दोन चमचे कडकडीत मोहन घातलेली पारीसुद्धा तळल्यावर खुसखुशीत होते. ओव्हनमध्ये असते नुसती गरम हवा. हवा उष्णता द्यायला कंजूस, तीच पारी आत वीस-पंचवीस मिनिटं बसते, बाहेरून तूप-तेल काहीच मिळत नाही, मग ती रंग यायच्या आधीच वाळते आणि कडक होते. म्हणजे जे तूप तिला कढईत मिळणार होतं ते आपण आधीच पिठात घालून ठेवायचं. पिठाच्या कणाभोवती तूप बसलं की मैद्याला चिवटपणा धरता येत नाही, तोंडात घातलं की पारी फुटते. सगळ्या बेक्ड करंजीचं मर्म या एका गोष्टीत आहे, चॉकलेट नि फॅन्सी आकार हे सगळं नंतरचं.

आता प्रमाण घे, वीस-बावीस करंज्यांचं. वजनाने सांगतेय, वाटीने नाही, कारण कोणाची वाटी केवढी ते मला दिसत नाही आणि बेकिंगमध्ये तुपाचा अंदाज चुकला तर सगळंच चुकतं. २०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम बारीक रवा, चिमूटभर मीठ, ७५ ग्रॅम तूप आणि साधारण ९० ते १०० मिली गार दूध. तूप थिजलेलं हवं. ऑक्टोबर हीटमध्ये डोंबिवलीत तूप डब्यात पातळच असणार, तर आधी मोजून फ्रीजमध्ये ठेव आणि घट्ट झालं की घे. गरम मोहन इथे घालायचं नाही, त्या सवयीने हात कढल्याकडे जाईल तर आवर. घट्ट तूप बोटांच्या टोकांनी पिठात चोळायचं, तळव्याने नाही, तळव्याची ऊब लागली की वितळतं. मूठभर पीठ दाबून मुटका वळला पाहिजे आणि टिचकी मारली की फुटला पाहिजे. मग दूध थोडं थोडं घालत पीठ घट्ट भिजव, फार मळू नको, गोळा झाला की थांब. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेव म्हणजे रवा फुलतो. त्या अर्ध्या तासाची घाई केलीस तर लाटताना कडा चिरतात आणि तिथूनच मग सारण बाहेर येतं.

तूपच का, बटर का नाही असं विचारशील. बटर चालतं, चव पण छान येते, पण बटरमध्ये साधारण १६ टक्के पाणी असतं, तुपात जवळजवळ नसतंच. म्हणून तुपाची पारी जास्त खुसखुशीत होते आणि टिकते पण जास्त. बटर घेतलंस तर बिनमिठाचं घे आणि दूध कमी कर. वनस्पती तूप (डालडा) मात्र ज्या घरात बायपास झालीय तिथे नकोच. आणि कोणी सांगितलं म्हणून बेकिंग पावडर घालू नकोस, त्याने पारी फुगते, भुसभुशीत होते आणि बिस्किटाची चव लागते.

साट्याची करंजी येते का तुला? येत नसेल तर सासूबाईंना येत असेल, विचार. दोन मोठे चमचे घट्ट तूप हलकं होईपर्यंत हाताने फेसायचं, त्यात दोन चमचे तांदळाचं पीठ किंवा कॉर्नफ्लोअर, झाला साटा. पिठाच्या तीन पातळ पोळ्या लाटायच्या, एकीवर साटा लावून दुसरी ठेवायची, परत साटा, परत पोळी, मग घट्ट गुंडाळी करायची आणि लाट्या कापायच्या. लाटी उभी ठेवून वरून हलकी दाबायची आणि लाटायची. ही करंजी ओव्हनमध्ये फार सुंदर होते, माझ्या मते साध्या पारीपेक्षा कितीतरी चांगली, कारण साटा वितळतो, पिठातलं पाणी वाफ होऊन पदर वर ढकलतं आणि तळताना पदर सुटून तेलात पसरायची जी भीती असते ती इथे नाहीच. ओव्हन झाला म्हणून बाहेरच्या पेस्ट्रीकडे धावायलाच हवं असं नाही, पदर सोडायची कला आपल्या घरात आधीपासून आहे. खरं सांगायचं तर मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही.

सारण. इथे बदल थोडाच पण महत्त्वाचा. कढईत करंजी चार-पाच मिनिटं असते, ओव्हनमध्ये त्याच्या चौपट पाचपट वेळ, तेवढ्या वेळात आतली साखर वितळते आणि जिथे फट मिळेल तिथून निघते. तुझ्या ट्रेला जे चिकटलं ते हेच. म्हणून साखर थोडी कमी आणि तिला धरून ठेवायला भाजलेला रवा. १५० ग्रॅम सुक्या खोबऱ्याचा कीस मंद आचेवर कोरडाच भाज, बदामी झाला की लगेच ताटात काढ, कढईत राहिला तर तिच्या तापाने करपतो. दोन चमचे खसखस वेगळी भाज. ४० ग्रॅम बारीक रवा अगदी चमचाभर तुपावर खमंग. हे सगळं पूर्ण गार झाल्यावरच १०० ग्रॅम पिठीसाखर, वेलची, जायफळ, चारोळी, थोडे बेदाणे. कोमट सारणात साखर घातली की तिला पाणी सुटतं आणि गोळे होतात, तळणीत ते एक वेळ खपून जातं पण बेकिंगमध्ये खपत नाही. खोबरं हाताने चुरून बारीक कर, जाड कीस पारीला भोकं पाडतो. ओल्या नारळाचं सारण यात नको, आतून पारी ओली राहते आणि दोन दिवसांत वास येतो. गूळ घालायचाच असेल तर गुळाची पावडर आणि तीही साखरेपेक्षा कमी, गूळ साखरेच्या आधी पातळ होतो.

भरताना एक मोठा चमचा सारण, जास्त नाही. कडेला पाण्याऐवजी दुधाचं बोट फिरव आणि आतली हवा हलकेच बाहेर काढत मिटव. आता हाताने मुरड घालायची की कातण फिरवायचं? मुरडीची करंजी दिसायला देखणीच, पण मुरडीपाशी पीठ तिप्पट जाड होतं आणि ओव्हनमध्ये ते जाड पीठ आतून कच्चं राहतं किंवा तेवढीच कड कडक होते. कातण फिरव, कड पातळ ठेव. साचा वापरणार असशील तर साच्याच्या कडेची जादा पारी नीट काढून टाक. मुरड घालायचीच असली तर अगदी बारीक. मग प्रत्येक करंजीला वरून टूथपिकने दोन-तीन टोचे मार, वाफेला वाट हवी, नाहीतर ती आपली वाट स्वतः काढते आणि ती नेमकी शिवणीतून. टोचे मारायला लोक विसरतात, तळणीत तर टोचा म्हणजे गुन्हाच, म्हणून मुद्दाम सांगतेय. भरलेल्या करंज्या ट्रेवर ठेवून वीस मिनिटं फ्रीजमध्ये ठेव, तूप परत घट्ट होतं आणि आकार टिकतो.

ओटीजी, म्हणजे ओट्यावरचा छोटा ओव्हन, असेल तर १८० डिग्रीला दहा मिनिटं आधी तापव, वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत. पंखा असेल तर १६५-१७० पुरे. वीस ते पंचवीस मिनिटं लागतात पण घड्याळापेक्षा करंजीचं पोट बघ, एक उचलून खालून बघायची, खाली छान बदामी झाली की झाली, वरचा रंग नेहमी मागे असतो. मायक्रोवेव्ह असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर, साध्या मायक्रोवेव्ह मोडवर रंगही येत नाही आणि पारी चिवट होते. एअर फ्रायरमध्ये १६० ला बारा ते पंधरा मिनिटं, बाहेरून तुपाचा पुसट हात फिरवून, आणि एका वेळी थोड्याच ठेव, एकमेकीला चिकटल्या की मधे कच्च्या राहतात.

पांढऱ्याफटक झाल्या म्हणालीस, तर त्यावर उपाय दूध. आत जायच्या आधी ब्रशने दुधाचा हात, त्यात चिमूटभर साखर आणि हवं तर केशराच्या दोन काड्या. दुधातली प्रथिनं आणि साखर यांच्यामुळे रंग धरतो. बाहेर आल्या आल्या गरम असतानाच पातळ तुपाचा हात फिरव, चकाकी पण येते आणि तो तुपाचा वास जो लोकांना करंजीत हवा असतो तो पण येतो. इंटरनेटवरच्या बऱ्याच रेसिपीत अंड्याचा हात लावायला सांगतात. फराळाला नको गं. दुधाने काम होतं आणि ज्यांच्याकडे ताट जाणार त्यांना न विचारता अंडं खायला घालणं बरोबर नाही.

आता सासऱ्यांबद्दल, आणि इथे मी जरा स्पष्ट बोलते. बेक केलेली म्हणून ती हलकी झाली असं घरात कोणालाही सांगू नकोस. हिशोब कर ना, पारीचं आणि साट्याचं मिळून ११० ग्रॅमच्या आसपास तूप, बावीस करंज्या, म्हणजे एकीत ५ ग्रॅम तूप. सुक्या खोबऱ्यात साठ टक्क्यांच्या वर तेल असतं, म्हणजे सारणातून आणखी चार-साडेचार ग्रॅम. साखर साडेचार ग्रॅम, वर मैदा. फायदा आहे, पण वेगळा आहे. किती तूप आत गेलं ते तुला ग्रॅममध्ये माहीत आहे, पुन्हा पुन्हा तापवलेलं तळणीचं तेल नाही, आणि करंजी छोटी करून एकच देणं सोपं जातं. त्यांच्यासाठी पारी पुरीएवढी न लाटता त्याच्या निम्मी लाट, साटा लावू नको. आणि दिवाळीच्या आधीच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना थेट विचार की फराळातलं काय आणि किती चालेल. "बेक्ड आहे, घ्या हो बाबा" म्हणून चार खाल्ल्या गेल्या तर त्यापेक्षा तळलेली एक बरी.

सासूबाईंचं. त्या बोलल्या नाहीत पण ताटात ठेवल्या नाहीत, हे वाचून मला तुझंही वाईट वाटलं आणि त्यांचंही. शेजारी जाणारं फराळाचं ताट म्हणजे त्या घराची पत असते, निदान त्यांच्या पिढीला ती तशीच वाटते, आणि कडक पांढरी करंजी त्यात ठेवणं त्यांना जमलं नाही. चवीपुरतं बोलायचं तर त्या बरोबर होत्या, हे आधी मान्य करून टाक. पण मला वाटतं दुसरंही काही असावं. करंज्या करणं म्हणजे एक लाटतेय, एक भरतेय, एक कढईशी बसलीय, आणि कढईशी बसणारी बहुतेक घरातली सगळ्यात मोठी. झाऱ्याने करंजीवर तेल उडवत ती फुलवणं, रंग बघून काढणं, हे त्यांचं काम. तू ट्रे आत सरकवलास, टायमर लावलास, आणि त्यांना काही कामच उरलं नाही. म्हणून पटवायला जाऊ नकोस, कामाला बोलाव. सारण त्यांच्याकडे दे, जायफळ किती, खोबरं किती भाजायचं, गोड बरोबर झालं का, ते सगळं त्या ठरवतील. साटा त्यांच्या हातचा. खालून रंग बघून "झाल्या" म्हणायचं ते पण त्यांनीच. आणि पहिला घाणा दिवाळीच्या आठवडाभर आधी काढ, पाच-सहाच कर, त्यांच्या समोर, त्यांनी मोडून बघितल्यावर काय म्हणतात ते ऐक आणि तसा बदल कर. त्यांच्या जिभेला जे कळतं ते तुला माझ्या ग्रॅममधून कळणार नाही.

नैवेद्याचा प्रश्न येईलच, तेव्हा आधीच ठरवून टाक. लक्ष्मीपूजनाला पाच करंज्या छोट्या कढईत तुपात तळ, सासूबाईंनाच तळू दे. तुमच्याकडे करंज्यांबरोबर एखादा मोदक करायची पद्धत असेल तर तो पण. बाकीच्या सगळ्या ओव्हनमध्ये. यात कोणाची हार होत नाही आणि पाच करंज्यांनी घरात तळणाचा वासही फार राहत नाही.

आणि ओव्हन म्हणजे काहीतरी परकं असं त्यांना वाटत असेल तर नानकटाईची आठवण काढ. मैदा, साखर, तूप घेऊन बेकरीत जायचं आणि भट्टीतून डबाभर नानकटाई करून आणायची, हे आपल्याकडे कितीतरी घरांत चालायचं, त्यांनीही केलेलं असेल. कोकणात तवशाचं धोंडस, म्हणजे काकडीचा केकच, पातेल्याच्या झाकणावर निखारे ठेवूनच करायचे, खालून चूल आणि वरून निखारे, म्हणजे ओव्हनच की. गोव्याच्या बेबिंका या थरांच्या गोड पदार्थाचा एकेक थर असाच वरून आच देऊन भाजतात, आणि त्याला २०२३ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच गोव्यात करंजीच्या जातीच्या नेवऱ्या चवथीलाही होतात आणि नाताळालाही. भट्टीची गोडधोडाशी जुनी ओळख आहे, सासूबाईंशी बोलताना हे सगळं सहज निघू दे, लेक्चर नको.

चॉकलेट आणि पफ पेस्ट्री. या दोन्ही कर, पण पहिल्या वर्षी एका वेळी एकच गोष्ट बदल. आधी साधी बेक्ड करंजी जमू दे, मग दुसरा घाणा चॉकलेटचा. डब्यातलं पातळ चॉकलेट स्प्रेड भरू नको, ते गरम झालं की तेल सुटतं आणि वाहतं. डार्क चॉकलेट किसून खोबऱ्यात मिसळ, वर सांगितलेल्या सारणात ४० ग्रॅम पुरे, साखर २५ ग्रॅमने कमी कर, जायफळ आणि खसखस काढून टाक, ते चॉकलेटशी भांडतात. वेलची राहू दे. खोबरं आणि चॉकलेट जमतं मस्त, मुलं खूश होतील. नाहीतर त्याहून सोपं, साधी करंजी पूर्ण गार झाल्यावर तिचं एक टोक वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून बटर पेपरवर ठेव.

पफ पेस्ट्रीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. तयार फ्रोझन शीट आणलीस तर काम पटकन होतं, दिसतंही झकास, पण खाताना ती गोड खारी लागते, सारण कुठेतरी हरवतं. शिवाय पाकिटावर बघ, बऱ्याचदा त्यात मार्जरिन नाहीतर वनस्पती असतं, आणि तुझ्या घरात तेच टाळायचंय. पाहुणे अचानक येणार असतील तेव्हा करायला ठीक, फराळाच्या डब्यात साट्याचीच ठेव. कणकेची करायची असेल तर अर्धी कणीक अर्धा मैदा, पूर्ण कणीक घेतलीस की कितीही तूप घाल, कडकच होते.

टिकण्याचं म्हणशील तर बेक्ड करंजी आठ-दहा दिवस छान राहते, तळलेलीसारखी तीन आठवडे नाही, म्हणून फार आधी करून ठेवू नको. ट्रेमधून काढली की जाळीवर पूर्ण गार कर, दोन तास तरी, आत जरा ऊब असताना डब्यात भरली तर सकाळी मऊ पडलेली असते. मऊ पडलीच तर १५० डिग्रीला पाच-सात मिनिटं, परत खुसखुशीत. डब्यात तळाला आणि थरांमधे कागद, आणि चकली-चिवड्याच्या डब्यात अजिबात नको, वास लगेच धरते.

कातण फिरवून उरलेल्या कडा परत मळत बसू नको, मळल्या की पदर जातात. तशाच एकावर एक ठेवून हलक्या हाताने लाट, चौकोनी तुकडे काप आणि करंज्यांच्या शेवटच्या ट्रेबरोबर आत टाक, बारा-पंधरा मिनिटांत होतात. गरम असतानाच वर पिठीसाखर भुरभुरव, चिरोट्यासारखे लागतात. आणि पहिल्या घाण्याचं काय झालं ते कळव, सासूबाईंनी जायफळ किती घातलं ते पण.